घारबाईनं सांगितलेला दिवस

गल्लीत तिला घारबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की घार. आता नाक म्हणाल तर बाकदार नव्हतं, डोळे घारे नव्हते, आणि चालायची ती अशी, की रस्त्यात काहीतरी पडलंय आणि तेच शोधतेय. पण पोटापाण्याचा धंदाच तसा होता. आकाशातून उपग्रह जायचा, खालच्या मुलखाचं चित्र काढायचा, आणि त्या चित्रातली नदी बघत बसायचं म्हणून सरकार तिला पगार देत असे. कुणी नदीत रंग सोडला, तेल सोडलं, कारखान्याचं सांडपाणी सोडलं, तर ते वरून ओळखायचं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीन थांबवलं.

"म्हणजे आमची गच्ची पण दिसते का हो?"

"दिसते. पण वाळत काय घातलंय ते नाही दिसत."

"मग हरकत नाही," शिंपीणबाई म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं. नाव मात्र संध्याकाळपर्यंत पडलं होतं. समोरची एक म्हातारी म्हणाली, "ही सगळ्यांना पाण्यात बघत असेल." तेही खरं नव्हतं. कुणाला पाण्यात बघायचं तर आधी त्या माणसाकडे नीट बघावं लागतं, आणि घारबाई माणसांकडे फारशी बघतच नसे.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत ती, दुसऱ्या खोलीत आई. पण आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या खोलीतल्या पलंगावर आता इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग असायचा. आईचं दुखणं लांबलं तेव्हा लग्नाचं वय त्या खोलीतच संपलं, असं शेजारणी म्हणत. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, संपलं नाही, कुणी विचारलंच नाही. धाकटी बहीण लांबच्या शहरात, तिला नवरा, दोन मुलं, आणि श्वास घ्यायला फुरसत नाही. तिचा फोन यायचा तो भाजी चिरता चिरता, म्हणजे अर्धं बोलणं घारबाईशी आणि अर्धं मुलांशी. शनिवार-रविवार घारबाई कुणाशीही बोलत नसे. सोमवारी ऑफिसात पहिला शब्द बोलायच्या आधी तिला घसा साफ करावा लागे, कारण दोन दिवस तो वापरलेलाच नसायचा.

ऑफिसातही फार वापर होता असं नाही. दुसऱ्या मजल्यावर, कॅन्टीनच्या मागच्या बाजूला 'नदी कक्ष' अशी पाटी होती. एकेकाळी तिथं चार टेबलं भरलेली असायची. एक निवृत्त झाला, एकाची बदली झाली, एकीनं परदेशी नोकरी धरली, आणि साहेबांनी त्या खुर्च्या कॅन्टीनला देऊन टाकल्या. उरली घारबाई, दोन पडदे आणि भिंतीवरचा एक पंखा, जो मान हलवायचा तो नेहमी 'नाही' अशीच.

काम समजायला सोपं होतं, करायला नेटाचं. उपग्रह दर पाच दिवसांनी सकाळी वरून जाई. दुपारपर्यंत चित्र तिच्या पडद्यावर येई. त्या चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक मोठा चौक. माणूस, गाय, होडी सगळं त्याच्यात विरघळून जायचं. पडद्यावर नदी म्हणजे काळी फीत. घारबाई आजचे रंग घेई, त्यातून नदीचे नेहमीचे रंग वजा करी, आणि जिथं फरक उरेल तिथं यंत्र पिवळं दाखवी. पिवळं दिसलं म्हणजे लगेच गुन्हा नव्हे. ढगाची सावली असते, पाण्यावरची उन्हाची तिरीप असते, पावसानं वाहून आलेला गाळ असतो. हे सगळं एकेक करून खोडायचं, आणि तरी पिवळं उरलं तर खालच्या मजल्यावरच्या नमुनेवाल्यांना फोन करायचा. ते जीप घेऊन जात, बाटल्या भरून आणत, आणि मग प्रयोगशाळा सांगे पाण्यात काय आहे ते. "रसायन आकाशातून दिसत नाही," ती नव्या साहेबांना समजावून सांगे. "रसायनानं पाण्याचं काय केलंय तेवढंच दिसतं." नवे साहेब मान हलवत. पंख्यासारखीच.

अशात एकदा वरून हुकूम आला: नदीकाठच्या कारखानेवाल्यांना बोलावून सांगा, आता आकाशातून नजर आहे, सांभाळून राहा. भाषण कोण देणार? घारबाई. तिनं आठवडाभर चित्रं जुळवली. सभागृहात वीसेक कारखान्यांची माणसं आली, चहा प्यायली, काही झोपली, एकजण तर फोनवर घराचं प्लास्टर कुठवर आलं ते विचारत होता. भाषण संपलं, खुर्च्या सरकल्या, सभागृह रिकामं झालं. ती वायरी गुंडाळत होती तेव्हा मागून आवाज आला.

"बाई, एक शंका. ढग आले तर काय करता?"

तिनं वळून पाहिलं. साठीला टेकलेला गृहस्थ, पांढऱ्या शर्टाला अशी इस्त्री की घडीवर बोट कापावं. तिच्या कामाबद्दल कुणी आपणहून काही विचारल्याला किती वर्षं झाली, तिला आठवेना.

"वाट बघते," ती म्हणाली.

तो हसला. "मलाही तेवढंच येतं."

रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याचं शुद्धीकरण त्याच्या हाताखाली होतं. बायको वारलेली, मुलगा दूरदेशी, शर्टाला इस्त्री तो स्वतःच करतो, असं बसथांब्यापर्यंत जाता जाता कळलं. थांबा आला, बस आली, आणि ती बस दोघांनीही सोडली. पुढच्या भेटीला तो घरी आला.

आता गल्लीचं काय वर्णन करावं! शिंपीणबाईंचं मशीन अगदी दाराशी, खिडकी रस्त्यावर उघडणारी. कोण आलं, किती वाजता आलं, हातात काय होतं, सगळं त्यांच्या सुईखालून जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला 'इस्त्रीसाहेब' करून टाकलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा गल्लीला बातमी झाली. तिसऱ्यांदा आला तेव्हा गल्लीला कोडं पडलं. कारण हा गृहस्थ यायचा तो वाटेल त्या वारी. एकदा मंगळवारी, मग रविवारी, मग शुक्रवारी.

"माणूस ठरलेल्या वारी येतो," शिंपीणबाई समोरच्या म्हातारीला म्हणाल्या. "हा असा उड्या का मारतो? मला विचाराल तर कुठंतरी पाणी मुरतंय. ह्याचं दुसरं घर असणार."

"ह्या वयात?"

"वयाला काय धाड भरलीय? शर्टाची इस्त्री बघा."

खरी गोष्ट फार साधी होती. चित्र यायचं त्या दिवशी, सुट्टीचा वार असला तरी, घारबाई ऑफिसात जायची आणि उशिरा सुटायची. दुसऱ्या दिवशी मोकळी असायची. म्हणून तो दुसऱ्या दिवशी यायचा. वार उपग्रह ठरवायचा. निघताना दारात चपला घालत तो दर वेळी विचारी, "मग, पुढचा कधी?" आणि ती सांगे. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर काय उमटे ते जिन्यातल्या दिव्याखेरीज कुणी पाहिलं नाही, पण त्या संध्याकाळी ती भांडी घासताना गुणगुणते असं वरच्या मजल्यावरून ऐकू येई.

तो बेकरीतला ताजा पाव आणायचा, ती चहा करायची. बोलणं म्हणाल तर फार थोर नाही. तो सांगे, पंपाचं झाकण गंजलं. ती सांगे, पंखा अजून 'नाही' म्हणतो. कधी नुसतंच बसायचं. घरात आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाचा खोकला ऐकू आला की घर किती लहान वाटतं आणि ते किती बरं वाटतं, हे तिला नव्यानं कळत होतं. आणखी एक गंमत. त्याच्या कारखान्याखालचा नदीचा तुकडा तिच्या चित्रात नेहमी काळाभोर, स्वच्छ. एक पिवळा ठिपका नाही. ती ते मुद्दाम मोठं करून बघायची, आणि एखाद्या आईनं पोराची प्रगती बघावी तशी खूश व्हायची.

बहिणीला तिनं सांगितलं तेव्हा पलीकडे सुरी थांबली.

"ताई, रंगाच्या कारखान्यात? आणि तू त्याच नदीवर?"

"म्हणून काय झालं? त्यांचं पाणी स्वच्छ असतं. मी रोज बघते ना."

"रोज?"

"रोज म्हणजे... येतं तेव्हा."

"बरं बाई. बिनबायकोचा आहे ना, ते तरी नक्की बघ."

मग लाँड्रीवालीचे फोन सुरू झाले. कारखान्याच्या खाली, पुलापाशी तिची लाँड्री. नदीचं पाणी पंपानं ओढायचं आणि इस्पितळाच्या चादरी धुवायच्या. पहिला फोन आला तेव्हा घारबाईला कानापासून रिसीव्हर लांब धरावा लागला.

"तुम्हीच का त्या आकाशातून बघणाऱ्या? माझ्या चादरी गुलाबी झाल्यात, गुलाबी! इस्पितळ म्हणतं, पेशंट मरायला टेकलाय आणि तुम्ही काय त्याची वरात काढताय?"

घारबाईनं चित्र पाहिलं. स्वच्छ. तसं कळवलं: निरीक्षणात काही आढळलं नाही. पुन्हा फोन, पुन्हा चित्र, पुन्हा 'काही आढळलं नाही'. तिसऱ्यांदा लाँड्रीवाली ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं.

"बाई, चादरींचं सोडा. माझ्या हाताची सालं निघालीत. कामाला दोन बायका आहेत, त्यांचीही. तुम्ही लिहिता काही नाही म्हणून. मी पण डोळ्यांनी बघते ना. मधूनच एखाद्या दिवशी पाणी असं निर्मळ येतं, की तळाचे दगड मोजावेत. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. पाहुणे यायच्या दिवशी घर आवरतात ना, तसं."

"कोणत्या दिवशी निर्मळ असतं?" घारबाईनं विचारलं.

लाँड्रीवालीनं आठवून आठवून सांगितलं. शेवटचा निर्मळ दिवस कुठला, त्याआधीचा कुठला. घारबाई "हो, हो" म्हणत राहिली. फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता. पाहुणा कोण, ते तिला कळलं होतं. पाहुणा तिचाच होता, वरून जाणारा.

त्या दुपारी तिनं त्याची वकिली जेवढी केली तेवढी एखाद्या सख्ख्या भावानंही केली नसती. उपग्रहाचं वेळापत्रक काही गुपित नाही. संगणकावर कुणालाही सापडतं. कारखान्यात शंभर माणसं, त्यातल्या कुणीही बघितलं असेल. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. आणि ठाऊक असलं तरी तो मला विचारतो ते आपल्या भेटीसाठी. विचारायला दुसरं कारण काय? हे सगळं पटत होतं. पटत होतं, आणि घशाखाली उतरत नव्हतं. दारात चपला घालता घालता तो जे विचारायचा ते तिला आठवत होतं. 'पुन्हा कधी भेटायचं' असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. दर वेळी 'पुढचा कधी?' पुढचा.

बाई घाबरट होती, पण कामातली सवय दांडगी होती. संशय आला की तपासायचं.

त्या आठवड्यात तो आला तेव्हा तिनं चहा दिला, पाव कापला, आणि तो निघायच्या आधीच, कपबशी उचलता उचलता म्हणाली, "ह्या वेळी जरा घोळ आहे. वरच्या यंत्राची काहीतरी दुरुस्ती चाललीय. बुधवारचा उपग्रह शुक्रवारी जाणार. तेव्हा तुम्ही शनिवारी या."

"शुक्रवारी? नक्की?"

"आम्हाला कळवलंय तसं."

आयुष्यात इतकं सरळ खोटं ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि ते तिला इतकं सहज जमलं की तिची तिलाच भीती वाटली. उपग्रह बुधवारीच जाणार होता. पाणी बुधवारी स्वच्छ निघालं तर वेळापत्रक कारखान्यातल्या दुसऱ्याच कुणी बघितलेलं, हा निर्दोष. मग ती शनिवारी त्याच्यासमोर बसून सगळं कबूल करणार होती, हवं तर पाया पडणार होती. आणि पिवळं निघालं तर... त्या 'तर'च्या पुढचं तिनं ठरवलं नाही.

मधले दिवस तिनं कसे काढले ते शिंपीणबाईंना विचारा. पायऱ्या चढताना मजला चुकून चौथ्यावर गेली. झिप बदलायला दिलेली पर्स मागायला आली आणि पर्स न घेताच परत गेली. "बाई प्रेमात पडलीय," शिंपीणबाईंनी निदान केलं. "माझी नणंद पण अशीच वागायची."

बुधवार उजाडला. आकाशात ढगाचा पुंजकाही नव्हता. एरवी ती खूश झाली असती. जेवणाचा डबा तिनं उघडला नाही. दुपारी चित्र आलं. तिनं आधी नदीचा वरचा भाग बघितला, तिथं बघण्यासारखं काहीच नसताना. मग कारखान्याचं वळण. मग पूल.

डाव्या काठाला चिकटून पिवळा पट्टा निघाला होता. वळणापाशी बारीक, केसातल्या भांगासारखा; पुढं रुंदावत पुलापर्यंत, आणि पुलाखालून पलीकडे.

तिनं ढगाची सावली शोधली. नव्हती. उन्हाची तिरीप? सूर्याचा कोन तसा नव्हता. वर कुठं पाऊस पडून गाळ आला असेल? आठवडाभर पाऊस नव्हता, आणि वळणाच्या वर नदी काळीकुट्ट होती. एकेक सबब ती स्वतःच आणत होती आणि स्वतःच खोडत होती. शेवटी एकही उरली नाही. पंखा आपला मान हलवत होता.

नमुनेवाल्यांना आता कळवलं तरच उपयोग. वाहतं पाणी कुणासाठी थांबत नाही. आणि न कळवलं तर? तर काहीच होणार नव्हतं. कुणालाही कळलं नसतं. 'ढगाची सावली' असे दोन शब्द टाइप करायचे. शनिवारी तो आला असता, पावाचा वास जिन्यात दरवळला असता, दारात उभा राहून त्यानं विचारलं असतं आणि तिनं सांगितलं असतं. असं वर्षानुवर्षं चाललं असतं. तिला ते चालवायचं होतं, अगदी जिवापासून. रिसीव्हर तिच्या हातात होता, आणि हातावरची साल शाबूत होती.

तिनं नंबर फिरवला.

"जीप आहे का?" तिनं विचारलं. आवाज फुटेना म्हणून घसा साफ केला. "पुलाच्या डाव्या काठाला जा. हो, आत्ता. कारखान्याच्या दारात जाऊ नका, नुसतं नदीचं पाणी घ्या."

बाटल्या आल्या. लाल होत्या. प्रयोगशाळेचा निकाल शुक्रवारी हातात आला आणि त्याच दुपारी अहवाल साहेबांच्या सहीनं वर गेला. साहेब चक्क म्हणाले, "वा!"

शनिवारी संध्याकाळी तो आला. तीच घडी, तोच पाव.

"काल फार उशीर झाला का?" बसता बसता त्यानं विचारलं.

"काल वरून काही गेलंच नाही."

"का? ढग?"

"नाही. तो बुधवारीच गेला. नेहमीसारखा."

तो कपात साखर ढवळत होता. चमचा थांबला. "तुम्ही शुक्रवार म्हणालात."

"हो. खोटं सांगितलं."

खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"बुधवारी पाणी लाल होतं," ती म्हणाली. "पुलाच्याही पलीकडे. बाटल्या भरून आणल्या आम्ही. अहवाल काल गेला."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चमचा बशीत ठेवला आणि शर्टाच्या बाहीचं बटण, जे लावलेलंच होतं, ते पुन्हा लावलं.

"शुद्धीकरणाचं यंत्र रोज चालवायला मालक देत नाहीत," तो म्हणाला. "वीज परवडत नाही म्हणतात. ज्या दिवशी वरून जातो त्या दिवशी पाणी टाकीत अडवायचं, बाकी सोडून द्यायचं. मला विचारलं, कधी जातो. मी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? तुमचं वेळापत्रक जगजाहीर आहे."

"मग तिथून का नाही घेतलंत?"

त्यानं बराच वेळ विचार केला. माणूस खरंच विचार करत होता, हे तिलाही दिसलं.

"तुम्ही सांगत होता ना," तो म्हणाला. मग हळूच, "तुम्हाला सांगायला आवडायचं."

खरंच होतं ते. ती पावाचे तुकडे बशीत एका ओळीत लावत राहिली.

"पुलापाशी एक लाँड्री आहे," ती म्हणाली. "तिथल्या बायकांच्या हाताची सालं निघालीत."

"मी तिकडं जात नाही."

"मी पण नाही गेले. मी नुसतं वरून बघते."

मग तिनं विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारलंच. "त्या दिवशी सभागृहात तुम्ही ढगांचं विचारलंत. ते कुणी विचारायला सांगितलं होतं?"

"नाही, नाही. ते माझं मी विचारलं." त्यानं वर बघितलं. "खरंच."

घारबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पण ह्याचा नमुना कुठल्या बाटलीत भरायचा आणि कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचा?

तो उठला. दारात चपला घातल्या, जिन्याचा कठडा धरला, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मग, पुढचा..." तिथंच जीभ चावली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला हसूही आलं आणि रडूही.

"आता विचारायला काही उरलं नाही," ती म्हणाली. "तरीपण यायचं असेल तर उद्या या. उद्या रविवार आहे. उद्या वरून काही जात नाही."

"बघतो," तो म्हणाला आणि जिना उतरला.

रविवारी तिनं चहाची पूड नवी आणली. आईच्या पलंगावरचे कपडे उचलून कपाटात कोंबले. जिन्यात पाय वाजला की ती खुर्चीत सरळ व्हायची. एकदा दूधवाला निघाला, एकदा चौथ्या मजल्यावरचा जावई, एकदा कुणीतरी मजला चुकलेलं. बसल्या बसल्या तिला पायांच्या आवाजांचा अभ्यास झाला. हलके, जड, घाईचे. इस्त्रीसारखे कुणाचेच नव्हते. दिवे लागले तेव्हा तिनं खिडकी बंद केली.

पुढच्या आठवड्यात कारखान्याला टाळं लागलं. म्हणजे कायमचं नाही. शुद्धीकरण नीट होईपर्यंत. लाँड्रीवालीचा फोन आला.

"बाई, चादरी पांढऱ्याशुभ्र निघाल्या! हाताला मलम लावतेय, सुकतंय. तुमच्या त्या वरच्या डोळ्याला माझा नमस्कार सांगा हो."

"सांगते," घारबाई म्हणाली. दिवसभरातलं तिचं ते तेवढंच बोलणं.

तो आला नाही. पुढच्या चित्रानंतरच्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गल्लीला हे सोसवेना. बातमी सुरू होऊन मध्येच तुटली म्हणजे शिवणीतला दोरा तुटल्यासारखंच. अखेर एका संध्याकाळी शिंपीणबाई स्वतः तीन मजले चढून आल्या, दम खात, हातात ती विसरलेली पर्स घेऊन.

"ही घ्या. झिप बदललीय." त्या न सांगताच बसल्या. घराकडे एकदा चौफेर नजर फिरवली. "अहो बाई, एक विचारू? रागावू नका. ते साहेब हल्ली दिसत नाहीत ते?"

घारबाईला ताकास तूर लागू न देता टाळता आलं असतं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. पण समोर कुणीतरी बसलं होतं, आणि घरात दुसरा श्वास होता.

"मी त्यांना चुकीचा दिवस सांगितला," ती म्हणाली.

"अगं बाई! एवढंच?" शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला. "मग बरोबर दिवस सांगा की! माणसाचं चुकतंच. त्यात एवढं रुसायचं काय?"

घारबाई काही बोलायला गेली आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. शिंपीणबाईही हसल्या, कशाला ते न कळता. चहा झाला. मग त्या खाली गेल्या, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मध्ये गेला.

घारबाई खिडकीशी उभी होती. खाली समोरच्या म्हातारीचं दार वाजलं.

"कळलं का? बाईनं त्याला दिवस चुकीचा सांगितला. तो बिचारा कडक कपडे घालून भलत्याच दिवशी आला. बघतो तर दाराला कुलूप! तास-दीड तास म्हणे जिन्यात उभा होता. मग मानी माणूस, गेला तो गेला."

"आई गं! जिन्यात?"

"हो तर. हातात पाव घेऊन."

वरून एक हाक मारली असती तर गोष्ट दुरुस्त झाली असती. चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यात तर तिचा जन्म गेला होता. घारबाई हाक मारायला वाकलीसुद्धा. मग तशीच थांबली. खाली म्हातारी चुकचुकत होती, शिंपीणबाई जिन्यातला तो दीड तास दोन तासांवर नेत होत्या, आणि ती कठड्यावर हात टेकून ऐकत राहिली. त्यांच्या त्या गोष्टीत निदान तो आला तरी होता.